मागचं उजवं चाक सारखं ढिलं होतंय : एका एमजीबीचं प्रकरण

गाडी १९६८ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी. तारेच्या आऱ्यांची चाकं आणि प्रत्येक चाकाच्या मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट. याला कुणी स्पिनर म्हणतं, कुणी नॉक-ऑफ. चार-पाच बोल्टांचं काम हा एकटा करतो. कानावर हातोडा मारून आवळायचा, उलट बाजूने मारून काढायचा.

तक्रार एका वाक्याची होती. मागच्या उजव्या चाकाचा स्पिनर तीस-चाळीस किलोमीटरमध्ये ढिला पडतो. आदल्या आठवड्यात तर मालकांनी मधेच थांबून पाहिलं, तेव्हा तो नुसत्या हाताने फिरत होता.

मालक निवृत्त गृहस्थ, गाडीचं बरंचसं काम स्वतःच करणारे. मी त्यांना काका म्हणतो. डिकीत एका तोंडाला तांबं आणि दुसऱ्याला कच्चं कातडं असलेला हातोडा नीट गुंडाळून ठेवलेला होता. लोखंडी हातोड्याने ठोकून स्पिनरच्या क्रोमची सालं काढणाऱ्यांतले ते नव्हेत.

"सुटतो म्हणून दर वेळी जरा जोरात मारतो," ते म्हणाले. "आता तर पार खांद्यातून मारतो."

"आणि बाकीची तीन?"

"मागचं डावं एकदम छान. पुढची दोन उलट इतकी घट्ट बसतात की काढताना घाम फुटतो."

"आवळताना वरच्या कानावर कुठल्या दिशेने मारता?"

"पुढच्या चाकांना गाडीच्या मागच्या बाजूला. मागच्या चाकांना पुढच्या बाजूला."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की क्षणभर माझ्याही लक्षात आलं नाही. मग विचारलं, पुढे एक आणि मागे एक असं का? त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. मागची चाकं इंजिनाने ओढली जातात, पुढची नुसती गडगडतात, म्हणून कंपनीने आटे वेगळे ठेवले असतील. ऐकायला पटण्यासारखं आहे. पण चूक आहे, आणि अर्धं प्रकरण त्यातच होतं.

नियम असा. ड्रायव्हरच्या जागी पुढे तोंड करून बसलं की डाव्या हाताच्या दोन्ही चाकांना सरळ आटे (घड्याळाच्या दिशेने आवळणारे) आणि उजव्या हाताच्या दोन्ही चाकांना उलटे. त्यामुळे चारही चाकांना दिशा एकच पडते: वरचा कान गाडीच्या मागे ढकलला की नट आवळतो, पुढे ढकलला की सुटतो. चाक पुढे जाताना ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेने नट सुटतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे उलटंच वाटतं.

स्पिनरवर खरं तर हे कोरलेलं असतं, बाजूही आणि सोडायच्या दिशेचा बाणही. या गाडीचे चारही स्पिनर कधीतरी नव्याने क्रोम केलेले होते. क्रोमच्या आधी पॉलिश करणाऱ्याने अक्षरं पार घासून टाकलेली. विजेरी तिरकी धरली आणि अंगठ्याने चाचपलं तेव्हा मागच्या उजव्या स्पिनरवर 'लेफ्ट' हा शब्द जेमतेम लागला.

गाडी घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या तिवयांवर चढवली, मागची दोन्ही चाकं काढली. चाक ज्या मधल्या तुंब्यावर चढतं आणि ज्याच्या टोकाला नटाचे आटे असतात, तो हब. उजव्या हबवर सरळ आटे. डाव्या हबवर उलटे.

हे कसं होतं, याचं गूढ काही नाही. एमजीबीच्या या एक्सलवर तारेच्या चाकांचे मागचे हब हाफ शाफ्टच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, टोकाला दात्यांवर बसतात आणि एका खाचेरी नटाने व स्प्लिट पिनने अडकतात. नट काढला की हब बाहेर. दीड वर्षापूर्वी मागची ऑइल सील गळत होती म्हणून कुठल्याशा गॅरेजात दोन्ही हब काढले होते. आटे सोडले तर डावा-उजवा हब दिसायला एकसारखा. धुऊन फळीवर शेजारी शेजारी ठेवले, सील बसवली आणि हब परत चढवताना अदलाबदल झाली. स्पिनर मग ज्या आट्यावर बसला त्यावर बसवला. डावा उजवीकडे गेला, उजवा डावीकडे. सगळं घट्ट आवळलं गेलं, गाडी चालली, कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं.

इथे थोडं थांबून आटे उलटे-सरळ का असतात ते सांगतो. याबद्दल जो समज सर्रास ऐकू येतो तो अपुरा आहे. लोक म्हणतात, गाडीने वेग घेतला की जड नट आपल्या जडपणामुळे मागे राहतो आणि त्यामुळे आवळला जातो. बरं. मग ब्रेक मारल्यावर? तेव्हा तोच नट पुढे पळायला बघणार आणि सुटणार. आणि कुठलीही जुनी स्पोर्ट्स गाडी वेग घेते त्याच्या कितीतरी पट जोरात ब्रेक मारते. हा हिशोब खरा असता तर आटे नेमके उलटे ठेवावे लागले असते.

खरं कारण पाहायचं तर एक गोल दांडा आडवा धरा, त्यात सैल बांगडी अडकवा आणि दांडा जागच्या जागी फिरवा. बांगडीही फिरते, पण दांड्यापेक्षा किंचित हळू. तिचा घेर मोठा, दांड्याचा लहान. दांड्याची एक फेरी पूर्ण होते तेव्हा बांगडीची थोडी राहिलेली असते. दर फेरीला ती दांड्याच्या मानाने जराशी मागे पडत जाते.

तारेच्या चाकाच्या मधलं नळकांडं म्हणजे तो दांडा आणि नट म्हणजे बांगडी. नळकांड्याच्या बाहेरच्या तोंडाला निमुळता उतार असतो आणि नटाच्या आतल्या पोकळ उतारात तो शिरतो. गाडीचं वजन हबवरून खाली येतं आणि जमीन चाकाला वर ढकलते, म्हणजे दोघांची गाठ नेहमी वरच्या बाजूला पडते, दांड्यावर टांगलेल्या बांगडीसारखीच. मधे केसाएवढी जरी फट असली तरी चाक फिरताना नट चाकाच्या मानाने मागे पडू लागतो. डावीकडे उभं राहून पाहिलं तर गाडी पुढे जाताना चाक घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणजे नटाचं मागे पडणं घड्याळाच्या दिशेने. सरळ आट्याचा नट त्याच दिशेने आवळतो. उजवीकडे सगळं आरशातल्यासारखं, म्हणून आटे उलटे. सायकलचं डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, त्यामागेही हीच जातकुळी आहे. आणि एखाद्या गाडीत नट चाकाला बाहेरून झाकण्याऐवजी चाकाच्या पोकळ उतारात शिरत असेल, तर तिथे नट हा दांडा होतो आणि चाक बांगडी. हिशोब उलटतो. म्हणून एका गाडीचा नियम डोळे मिटून दुसरीला लावू नये.

आता कागदावर आकडे मांडू. उताराचा व्यास ७५ मिलिमीटर धरा आणि फट फक्त ०.१ मिलिमीटर. दर फेरीला नट फेरीच्या ७५० व्या भागाने मागे पडेल. या गाडीच्या टायरचे किलोमीटरला साधारण ५१० फेरे होतात. म्हणजे घर्षणाने अजिबात अडवलं नाही तर किलोमीटरमागे नट जवळजवळ दोन तृतीयांश फेरी सरकेल. प्रत्यक्षात घर्षण बरंच अडवतं आणि सरकणं याच्या लहानशा हिश्श्याइतकंच होतं. पण या हबवर इंचाला आठ आटे आहेत, म्हणजे एका पूर्ण फेरीला नट ३ मिलिमीटरहून जास्त मागे येतो. आणि तो ढिला होईल तशी फट वाढते, फट वाढेल तसा तो जास्त पळतो. सुरुवातीला दिवसभरात जे होत नाही ते शेवटी काही मिनिटांत होतं. हाताने फिरणारा स्पिनर काकांना वेळेवर दिसला, एवढंच.

तर निदान झालं, असं वाटलं. हबची अदलाबदल. काकांनाही तेच वाटलं, आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मलाही.

पण मग डावं मागचं चाक का सुटत नव्हतं?

त्याचेही आटे तितकेच चुकीच्या बाजूचे होते. त्याच गाडीवर, तेच रस्ते, तेवढंच अंतर. काकांच्या म्हणण्याप्रमाणे ते दीड वर्षात एकदाही सुटलं नव्हतं. निदान बरोबर असतं तर दोन्ही सुटायला हवी होती. मी हा प्रश्न एका कागदावर लिहून भिंतीला टाचला आणि आधी हातातलं काम उरकलं. ड्रम उतरवले, हब काढून आपापल्या बाजूला चढवले, सील नवी घातली, स्प्लिट पिना नव्या घातल्या. हबच्या मागच्या, न दिसणाऱ्या अंगावर पंचाने खूण केली. डाव्याला एक ठिपका, उजव्याला दोन. पुढच्या माणसाला तेवढी तरी मदत.

मग चारही चाकांवर स्पिनरपासून नळकांड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक सरळ रेघ ओढली. याहून स्वस्त आणि याहून खरं बोलणारं अवजार माझ्याकडे नाही. स्पिनर केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

काका शंभर किलोमीटर फिरून आले ते खुशीत. "सुटला नाही! उलट स्वतःच आवळला गेलाय, बघा."

बघितलं. मागच्या उजव्या चाकावर रेघेचे दोन तुकडे झाले होते आणि त्यांच्यात १२ मिलिमीटरचं अंतर होतं, आवळायच्या दिशेने. मागच्या डाव्यावर रेघ अखंड. पुढच्या दोन्हींवर किंचित तुटलेली, तीही आवळायच्या दिशेने.

काकांना ही आनंदाची बातमी वाटली, मला नाही. आपोआप आवळणारा नट म्हणजे आपोआप सरकणारा नट. नट सरकतो याचा अर्थ उतारांमध्ये फट आहे आणि चाक त्या फटीत हलतं आहे. आटे योग्य बाजूचे असले की हे हलणं झाकलं जातं, चुकीच्या बाजूचे असले की उघडं पडतं. अदलाबदलीमुळे बिघाड निर्माण झाला नव्हता, दिसायला लागला होता. हब जागच्या जागी बसवून मी जणू ओरडणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

त्या १२ मिलिमीटरचाही हिशोब केला. स्पिनरच्या त्या कडेचा घेर सुमारे ३०० मिलिमीटर, म्हणजे नट फेरीचा पंचविसावा भाग फिरला. एका फेरीला सव्वातीन मिलिमीटरच्या जवळपास, तेव्हा तो आत सरकला ०.१३ मिलिमीटरच्या आसपास. इतकं आत सरकायला जागा कुठून आली? लोखंडावर लोखंड घट्ट बसलेलं असेल तर येत नाही. मधलं काहीतरी चेपलं जात होतं.

चाक परत काढलं. या वेळी चाकाकडेच पाहिलं, हबकडे नाही.

तारेचं चाक हबवर दोन उतारांच्या चिमटीत धरलेलं असतं. एक उतार मागे, हबच्या मुळाशी. नळकांड्याचं मागचं तोंड त्यावर जाऊन टेकतं. दुसरा पुढे, नटाचा. मधे हबवर आणि नळकांड्याच्या आत एकमेकांत बसणारे दाते असतात, त्यांच्यावर फक्त ओढ आणि ब्रेकचा जोर येतो. चाक मधोमध धरून ठेवणं आणि हलू न देणं हे दात्यांचं काम नाही, उतारांचं आहे. ही चिमटी घट्ट असेल तर दात्यांना डुलायला वाव मिळत नाही, आणि ढिली असेल तर प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक गिअरला दाते एकमेकांवर आपटतात.

या चाकाच्या दोन्ही उतारांवर सुंदर रुपेरी पावडर कोटिंग होतं. गुळगुळीत, एकसारखं, जाड. दोन वर्षांपूर्वी चाकं कोटिंगला दिली होती आणि कोटिंग करणाऱ्याने बैठका, म्हणजे हे टेकायचे उतार, झाकल्याच नव्हत्या. आऱ्यांना जसा लेप दिला तसाच तिथेही. पावडर कोटिंगचा थर सहज ०.१ मिलिमीटरच्या घरात जातो, आणि हा लेप दाबाखाली लोखंडासारखा उभा राहत नाही. तो दबतो, सरकतो, चिरतो. आवळताना सगळं टणक लागतं. काही किलोमीटरनंतर तोच दाब बराच कमी झालेला असतो.

नटाच्या उतारावर निळा मार्किंग रंग पातळसा लावला, चाक चढवून नट आवळला, परत काढला. बैठक चांगली असेल तर निळा पट्टा पूर्ण गोल उमटतो. इथे घेराच्या एक तृतीयांश भागावर, तोही बाहेरच्या काठाशी, नखाएवढ्या रुंदीचा डाग उमटला. बाकी सगळीकडे चकचकीत रुपेरी. एवढ्याशा डागावर ते चाक उभं होतं.

आणि मागचं डावं? विचारलं तेव्हा काकांना आठवलं. सहा महिन्यांपूर्वी पंक्चर झालं तेव्हा त्यांनी स्टेपनी लावली होती आणि ती तशीच राहिली. स्टेपनी कोटिंगला दिलीच नव्हती. तिच्या बैठका उघड्या लोखंडाच्या. तिचा निळा पट्टा जवळजवळ पूर्ण गोल उमटला. त्याआधी वर्षभर तिथे कोटिंगवालंच चाक होतं. "तेव्हाही कधी कधी मागून आवाज यायचा खरा," काका म्हणाले, "पण तेव्हा मी दर रविवारी चारही स्पिनर ठोकायचो." भिंतीवरचा कागद काढून टाकला.

पुढच्या चाकांचं कोडंही यातच सुटलं. त्यांच्यावरही कोटिंग होतं, पण आटे योग्य बाजूचे. लेप दबेल तसा नट आपोआप आवळत गेला, आवळेल तसा लेप आणखी दबला, आणि शेवटी नट असा रुतला की काढताना घाम फुटायचा. त्या घट्टपणावर काकांचा विश्वास बसला होता. एकच दोष, पुढे अतिघट्ट आणि मागे ढिला असा दोन रूपांनी दिसत होता.

आता दाते. हँडब्रेक ओढून, नट सैल करून टायर हाताने पुढे-मागे हलवलं. रिमच्या कडेला ४ मिलिमीटर खेळ. दात्यांपाशी तो साधारण सातवा भाग, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. रिव्हर्स टाकताना मागून 'टक्' असा आवाज येतो, हे काकांनी आधी सांगितलं नव्हतं, विचारल्यावर म्हणाले, "तो तर वर्षभर येतोय." नळकांड्याच्या आत बोट फिरवलं तर ग्रीसमध्ये विटकरी रंगाची पूड मिसळलेली. लोखंड लोखंडावर बारीक बारीक घासत राहिलं की अशी पूड पडते. कोरडा गंज असा दिसत नाही.

हबवरच्या दात्यांचे माथे पाहायचे असतात. चपटे असले तर ठीक, टोकदार झाले असले तर भंगार. या हबच्या दात्यांचे माथे अजून चपटे होते, पण एका अंगाला पायरी पडली होती, नखाला लागेल अशी. काकांचा आग्रह होता की चाक बदलू, हब राहू दे. मी नाही म्हटलं. पायरी पडलेल्या हबवर नवं चाक चढवलं तर नव्या दात्यांचा काठ त्या पायरीवर बसतो आणि वर्षभरात नवं चाक जुन्यासारखं होतं. दोन्ही बदलले. उजव्या बाजूचा हब, उलट्या आट्याचा, इंचाला आठ आटेवाला. एमजीबीत आधीच्या काळात इंचाला बारा आट्यांचे हबही आले होते आणि दोन्ही दुरून सारखेच दिसतात. बाराच्या हबवर आठचा नट एखादी फेरी जातो आणि मग अडतो. अडल्यावर 'जुना माल आहे, जरा जोर लागणारच' म्हणून हातोडा उचलणारे आहेत.

बाकीच्या तीन कोटिंगवाल्या चाकांच्या बैठका उघड्या केल्या. त्यातलं एक चाक डिकीत जाणार होतं, पण स्टेपनीही कधीतरी लागतेच. आधी लेप मऊ करायचं रसायन, मग पितळी ब्रश. ग्राइंडर नाही आणि एमरी पेपरही शक्यतो नाही, कारण उताराचा कोन बिघडला तर लेप परवडला. मग पुन्हा निळा रंग, तिन्हींवर. पुढच्या डाव्या चाकाचा पट्टा एका जागी तुटक होता, पण ते हलवलं तर खेळ शून्य, म्हणून ठेवलं. आणखी एक गोष्ट तपासली, जी सहसा कुणी तपासत नाही: नट पूर्ण आवळला जातो तेव्हा तो चाकावर टेकतो आहे की हबच्या टोकावर? बैठका फार झिजल्या की चाक आत जातं आणि नट चाकाला दाबायच्या आधीच हबला अडतो. हातोडा मारताना आवाज टणक येतो, चाक मात्र धरलेलं नसतं. नटाच्या तळाशी मऊ मातीची गोळी ठेवून पाहिलं. गोळी चपटी झाली, पण फुटली नाही. जागा होती.

काकांनी मधे दोन उपाय सुचवले होते. पहिला, आट्यांना चिकटद्रव लावू. याला मी सरळ नकार दिला. हे चाक रस्त्याच्या कडेला हातोड्याने सुटायलाच हवं, तो या रचनेचा जन्मजात हेतू आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कंपनीने ही झटपट सुटणारी चाकं आणली तेव्हा १९०८ च्या फ्रेंच ग्राँ प्रीच्या आयोजकांनी त्यांना मनाई केली आणि नेपियर या मोटार कंपनीने त्या शर्यतीतून माघार घेतली. इतका त्यांचा फायदा लोकांना खुपत होता. शिवाय निर्मात्याची सूचना दाते, आटे आणि उतार पुसून त्यांना ग्रीसचा पातळ हात द्यायची आहे, चिकटवायची नाही. कोरडे आटे आवळताना खोटा घट्टपणा दाखवतात.

दुसरा उपाय, स्पिनरच्या कानाला भोक पाडून तार बांधू. शर्यतीच्या गाड्यांवर हे करतात आणि त्याला अर्थ आहे. पण तार नटाला उतरू देत नाही एवढंच. चिमटीतला दाब ती राखत नाही. दाब गेलेलं चाक तारेच्या भरवशावर दात्यांवर डुलत राहतं आणि रेघ तुटावी तशी कसलीच सूचना मिळत नाही. शेवटचं जाळं म्हणून चालेल. काकांनी नाही बांधली.

कान नसलेले अष्टकोनी नट लावावेत का, हेही बोलणं निघालं. अमेरिकेत १९६८ पासून बाहेर आलेल्या कानांना बंदी झाली आणि तिकडे जाणाऱ्या गाड्यांना कानाशिवायचे नट आले. ते पादचाऱ्याच्या दृष्टीने सुरक्षित, यात वाद नाही. पण उतार तोच, आटे तेच, अदलाबदलीची शक्यताही तीच. आवळायला खास पाना लागतो आणि तो घरी विसरला की माणूस चाकाकडे बघत बसतो. काकांना कान आवडतात. राहिले.

चढवण्याची पद्धत मात्र बदलली. आधी काका चाक जमिनीवर ठेवूनच ठोकायचे. आता चाक हवेत असताना हाताने नट टेकेपर्यंत फिरवायचा, टायर थोडं हलवून चाक मागच्या उतारावर नीट बसू द्यायचं, हवेतच दोन-तीन ठोके, मग गाडी खाली उतरवून शेवटचे ठोके. चाक जमिनीवर असताना वजनामुळे नळकांडं एका बाजूला कललेलं असतं आणि तिरक्या बैठकीवर कितीही ठोकलं तरी ती सरळ होत नाही. खांद्यातून मारायची गरज नाही, मनगटातून पुरतं. ठोक्याचा आवाज बद्द यायचा थांबून कणखर यायला लागला की थांबायचं.

नव्या रेघा ओढल्या आणि गाडी दिली. पन्नास किलोमीटरला पुढच्या डाव्याची रेघ दोनेक मिलिमीटर सरकलेली होती, आवळायच्या दिशेने, बाकी तीन जागच्या जागी. बैठकीच्या कोपऱ्यात राहिलेला लेपाचा एखादा कण चेपला असावा. काकांनी त्यावर एक ठोका दिला आणि मी नवी रेघ ओढली. पाचशे किलोमीटरला चारही रेघा अखंड होत्या, पुढचे स्पिनर दोन ठोक्यांत सुटले आणि रिव्हर्सची 'टक्' गेली होती. काका आता रविवारी स्पिनर ठोकत नाहीत. खाली वाकून रेघा बघतात.